तेलाचा कांटा

गेलीं एकवीस वर्षें आम्ही विद्यालयांत पदार्थविज्ञान शिकवीत आहों. दाब म्हणजे एकक क्षेत्रफळावर पडणारें बल, हें वाक्य आम्हीं फळ्यावर किती वेळां लिहिलें असेल याची गणती नाहीं. तें वाक्य खोटें नाहीं. परंतु २०१७ सालच्या उन्हाळ्याच्या सुटींत आमच्या घरच्या एका जुन्या ट्रॅक्टरनें आमची त्याच धड्यावर तोंडी परीक्षा घेतली, आणि तींत आम्ही पहिल्या दोन प्रश्नांस नापास झालों. ती हकीकत येथें सांगण्याचें योजिलें आहे.

आमचें घर प्रवरेच्या कांठीं आहे. घरचा ट्रॅक्टर तीन सिलिंडरांचा, डिझेलवर चालणारा, १९७४ सालीं बनलेला. आमच्या तीर्थरूपांनीं, म्हणजे आबांनीं, तो १९८६ सालीं दुसऱ्याकडून विकत घेतला. त्या वेळीं बैलांची एक जोडी आणि मातोश्रींच्या पाटल्या गेल्या. पुढें त्याच ट्रॅक्टरच्या भाड्यावर आमचें शिक्षण झालें व दोन बहिणींचीं लग्नें झालीं. त्यामुळें घरांत त्याच्याविषयीं बोलतांना कोणी त्यास ‘जुना’ म्हणत नसे. म्हटलेंच तर आबा समोर नाहींत असें पाहून म्हणत.

आम्ही सुटीस घरीं पोंचलों तेव्हां वाद पेटलेला होता. दुपारच्या नांगरटींत ट्रॅक्टरच्या तेलाच्या मीटरचा कांटा खालीं तांबड्या पट्ट्यांत उतरत असे. तालुक्याच्या गांवच्या एका कारागिरानें इंजिनास हातहि न लावतां ‘फुल इंजिन करावें लागेल, पंचेचाळीस हजार धरा’ असें सांगितलें होतें. एक दलाल मात्र आहे त्या स्थितींत तो पासष्ट हजारांस नेण्यास तयार होता. शेती पाहणारे आमचे धाकटे बंधू म्हणत कीं, विकून मोकळें व्हावें आणि भाड्याच्या ट्रॅक्टरनें पेरणी करावी. त्यांचें म्हणणें अगदींच गैर नव्हतें. कर्ज त्यांच्या नांवावर होतें, आमच्या नव्हे. मृगास पंधरा दिवस उरले होते. आबा या वादांत एक शब्दहि बोलत नव्हते, आणि तेंच आम्हांस अधिक लागलें.

आम्हीं आल्या दिवशींच निदान करून टाकलें. “आबा, इंजिनाला कांहीं झालेलें नाहीं. मीटर जुनें झालें आहे,” असें आम्ही बोलून गेलों.

“असेल बाबा,” आबा म्हणाले. “पण दुपारीं त्याचा आवाजहि जड लागतो.”

त्या दुसऱ्या वाक्याकडे आम्हीं लक्ष दिलें नाहीं. मीटरवर संशय घेणें मात्र अगदींच चूक नव्हतें, हें आमच्या बाजूनें सांगितलें पाहिजे. या जुन्या मीटरांत एक वांकडी, चपटी पितळी नळी असते. तिच्यांत दाब शिरला कीं ती सरळ होऊं पाहते, आणि तिच्या टोंकाची ती इवलीशी हालचाल दांत्यांच्या योगें कांट्यास मिळते. बूर्दों नांवाच्या फ्रेंच गृहस्थांनीं ही युक्ति १८४९ सालीं काढली, आणि ती आजतागायत चालू आहे. अशी नळी थकते, तिच्याकडे जाणारी वाहिनी चोंदते; म्हणून सांगणारा खरें सांगतो कीं नाहीं हें प्रथम पाहावें, हा नियम चांगलाच आहे. एका ओळखीच्या मिस्त्रींकडून आम्हीं तपासणीचें नवें मीटर मागून आणलें व इंजिनाच्या अंगास जेथें जुन्याची वाहिनी होती तेथेंच बसविलें. सकाळीं थंड इंजिनावर दर चौरस इंचास ४६ पौंड. तासभर नांगर ओढून इंजिन तापल्यावर १४. आणि स्लो केल्यावर अवघे ५. पूर्वीं हेंच इंजिन तापल्यावरहि कामाच्या वेगांत ४० पौंड दाखवीत असे. जुनें मीटर नव्याशीं ताडून पाहिलें, तों दोन पौंडांपलीकडे फरक नाहीं. आबांनीं उपरण्यानें घाम पुसला. ते कांहींच बोलले नाहींत.

नंतर तेलाची पातळी पाहिली. पट्टी ओढून काढली तों तेल वरच्या खुणेच्याहि वर. “दिवाळीपासून एक थेंब वर घालावा लागला नाहीं,” आबा अभिमानानें म्हणाले. “नव्या ट्रॅक्टरला तरी असें होतें का?” आम्हांसहि अभिमान वाटला. त्या एका वाक्यांत सगळें उत्तर होतें, आणि तें ऐकून आम्हीं समाधानानें पट्टी पुन्हा आंत सारली.

मग दोन दिवस व्यर्थ गेले. फिल्टर बदलला. दाब मर्यादेबाहेर गेल्यास जादा तेल परत सोडणारा जो रिलीफ व्हॉल्व्ह असतो तो काढून, धुऊन, त्याची स्प्रिंग पाहून परत बसविला. त्याच्या बैठकींत केर अडकला असता तर तो सदा उघडा राहून दाब पडला असता. परंतु तो स्वच्छ होता. कोणी सल्ला दिला कीं स्प्रिंगेखालीं एक वायसर घाला म्हणजे कांटा चढेल. हा व्हॉल्व्ह म्हणजे धरणाचा सांडवा होय. धरण अर्धें रिकामें असतां सांडव्याची भिंत उंच करून पाणी वाढत नाहीं.

आतां ज्या प्रश्नांत आम्ही नापास झालों तो सांगतों. पंप दाब उत्पन्न करितो, अशी आमची समजूत होती. वास्तविक तो तेल पुढें लोटतो एवढेंच. दाब येतो तो वाटेंतील अडवणुकीमुळें. पाटाचें पाणी धरणाऱ्या प्रत्येक मुलास हें ठाऊक असतें. विहिरीवरचा पंप तोच, पाणी तेवढेंच. पण पाटास जागोजाग उंदरांचीं बिळें पडलीं तर शेवटच्या वाफ्यास पाणी चढत नाहीं. इंजिनांत क्रँकच्या प्रत्येक बेरिंगाशीं केंसाएवढी फट असते व तींतून तेल सतत बाहेर झिरपत असतें. ती फट रुंदावली, किंवा तेलच पातळ झालें, कीं अडवणूक संपली आणि दाब गेला.

वैद्य जसा ताप किती आहे यापेक्षां कोणत्या वेळीं चढतो हें आधीं विचारतो, तसें येथेंहि विचारावें लागतें. आमच्या इंजिनाचा दाब सकाळीं बरा, दुपारीं वाईट. चेंबरांतील गाळणी चोंदली असती तर उलट घडलें असतें. थंड, घट्ट तेल ओढतांनाच पंपाची दमछाक झाली असती आणि इंजिनाचा वेग वाढवितांच कांटा पडला असता. तेव्हां संशयित तीनच उरले : झिजलेला पंप, रुंदावलेलीं बेरिंगें आणि पातळ तेल. पहिल्या दोहोंसाठीं इंजिन खालून उघडावें लागतें. तिसऱ्यास खर्च नाहीं.

त्या रात्रीं अंगणांत बाजेवर पडलों असतां आबांचें वाक्य आठवलें. चाळीस वर्षांवरचें इंजिन थोडें तरी तेल जाळणारच. रोज दूध घालूनहि ज्या गवळ्याची चरवी संध्याकाळीं भरलेलीच असते, त्याच्या चरवींत दुधाशिवाय आणखी कांहीं आहे हें कोणीहि सांगेल. आम्ही उठलों, कंदिलाच्या उजेडांत पट्टी काढली आणि प्रथमच तिचा वास घेतला. पाणी मिसळलें असतें तर तेल ताकासारखें पांढुरकें झालें असतें. तें काळेंच होतें, पण त्यास डिझेलचा दर्प होता.

सकाळीं एका जुन्या उत्तरपत्रिकेच्या कोऱ्या पानावर दोन थेंब टाकले, एक डब्यांतील नव्या तेलाचा, एक इंजिनांतला. नवा थेंब बराच वेळ आपल्या जागीं फुगून बसला. दुसरा पाहतां पाहतां पसरला आणि काळ्या डागाभोंवतीं एक फिकट, ओलसर कडें उमटलें. मग चेंबर रिकामें केलें. सात लिटर मावावयाचें तेथें साडेआठांच्या वर निघालें.

डिझेल येतें कोठून, हें शोधण्यास मिस्त्रींस बोलाविलें. टाकींतून डिझेल ओढणारा जो छोटा पंप इंजिनाच्या बाजूस असतो, त्यांत एक लवचिक पडदा वरखालीं होत असतो. तो पडदा चिरला कीं डिझेल खालीं इंजिनांत ठिबकूं लागतें. गळती बाहेर दिसावी म्हणून त्या पंपाच्या अंगास एक बारीक छिद्र होतें. तें कित्येक पावसाळ्यांच्या चिखलानें बुजून गेलेलें. पडदा प्रकाशापुढें धरला तों नखाएवढी चीर दिसली. किंमत शंभर-दीडशें रुपयांच्या घरांत.

आबा जवळच बसले होते. थोड्या वेळानें म्हणाले, “म्हणजे दिवाळीपासून मीच तें पाहत होतों आणि मलाच कळलें नाहीं.”

यावर काय बोलावें हें आम्हांस सुचेना. “मलाहि कळलें नाहीं, आबा,” एवढेंच म्हटलें. “कांटा पडल्याचें तर तुम्हींच आधीं ओळखलें.” त्यांचें समाधान झालें असें दिसलें नाहीं.

नवा पडदा, नवें तेल. थंड इंजिनावर ५२ पौंड, तापल्यावर २७, स्लोवर ११. कांटा तांबड्या पट्ट्यांतून निघाला होता, आणि बंधू म्हणाले, “झालें ना आतां? चालेल पेरणीपुरतें.” आम्हांसहि तसेंच वाटलें. मिस्त्रींनीं मात्र मान हलविली. “सर, पातळ तेलावर सहा महिने नांगरट झालीय. बेरिंगांनीं काय खाल्लें तें बघितल्याशिवाय मी चालवा म्हणणार नाहीं.”

त्यांच्या या आग्रहामागें मोठें शास्त्र आहे. १८८३ सालीं इंग्लंडांत बोशँप टॉवर नांवाचे अभियंते रेल्वेच्या आंसांच्या बेरिंगांवर प्रयोग करीत होते. बेरिंगाच्या माथ्यावर त्यांनीं तेलासाठीं एक भोंक पाडलें, तों तेल आंत जाण्याऐवजीं त्यांतून वर येऊं लागलें. बूच ठोकलें, तें उडालें. लांकडी खुंटी मारली, तीहि बाहेर आली. मीटर लावलें तर कांटा २०० पौंडांपलीकडे जाऊं लागला, आणि तेथें तेल लोटणारा पंप मुळींच नव्हता! फिरता आंस स्वतःच तेलास पाचरीसारखें आपल्याखालीं ओढून त्यावर तरंगत होता. तीन वर्षांनीं, १८८६ सालीं, ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनीं याची गणिती मीमांसा केली. पंपाचें काम बेरिंगापाशीं तेल हजर ठेवणें. क्रँकचें ओझें पेलणारा खरा दाब त्या पातळ थरांतच निर्माण होतो. तेल डिझेलनें पातळ झालें कीं हा थर फाटतो आणि धातु धातूस लागते. त्याच गणितांतून आणखी एक गोष्ट निघते : फट दुप्पट झाली तर गळती दुप्पट होत नाहीं, आठपट होते. म्हणूनच डोळ्यांस न दिसणारी झीज कांट्यास दिसते.

“उघडा,” आबा म्हणाले. त्या पंधरा दिवसांत त्यांनीं दिलेली ही एकच आज्ञा.

बिडाचें जड चेंबर उतरविण्यास चार माणसें लागलीं. कनेक्टिंग रॉडच्या बेरिंगांचे वरचे अर्धे भाग, ज्यांवर स्फोटाचा मार बसतो, ते हातांत घेतले तों वरचा राखाडी मुलामा जाऊन खालचें तांबूस अंग उघडें पडलें होतें. मेन बेरिंगांच्या खालच्या अर्ध्यांचीहि तीच गत. मिस्त्रींनीं मायक्रोमीटर लावून क्रँक तीन-तीन ठिकाणीं मोजला, नखानें चांचपला. त्यावर ओरखडा नव्हता आणि तो घासावा लागला नाहीं. मुलामा जाऊन तांबें लागलें होतें, पोलाद अजून लागलें नव्हतें. आणखी एक हंगाम तसाच गेला असता तर क्रँक वांचला नसता, असें ते म्हणाले, आणि त्यांना वाढवून सांगण्याची संवय नव्हती. पंपाच्या दांत्यांतील फटहि पाहिली. ती ठीक होती. नवीं बेरिंगें, गॅस्केट, तेल, फिल्टर, पडदा आणि मजुरी मिळून एकंदर ११,३०० रुपये झाले. त्यांतले निम्मे बंधूंनीं न मागतां दिले, आणि दलालास काय उत्तर दिलें तें आम्हांस सांगितलें नाहीं.

जोडणी झाल्यावर पहिल्यानें इंजिन सुरूं करण्याआधीं डिझेल बंद ठेवून तें नुसतेंच फिरविलें, म्हणजे कोरड्या बेरिंगांस तेल पोंचावें. कांटा प्रथम थरथरला व मग वर चढला. थंड ५५. दुपारीं, नांगर पूर्ण खोल लावून, ४१. स्लोवर १८.

पाऊस जूनच्या दुसऱ्या आठवड्यांत आला. पेरणीच्या दिवशीं बंधू सोसायटींत बियाण्यासाठीं अडकले म्हणून ट्रॅक्टरवर आम्ही बसलों, आणि ओळी वांकड्या गेल्या. आबा बांधावर लिंबाखालीं बसले होते. त्यांना तेथून मीटर दिसत नव्हतें, आणि इंजिनाच्या आवाजांत बोलणेंहि शक्य नव्हतें. प्रत्येक फेरीस त्यांच्यापाशीं आलों कीं ते हनुवटी वर करून विचारीत, आणि आम्ही हात वर करून चार बोटें दाखवीत पुढें जात असूं.