राजद्रोह आणि कायद्याचे राज्य

‘सरकारविरुद्ध बोलू नकोस,’ अशी ताकीद वसतिगृहात मला घरच्या पत्रांतून येई. त्या भयाचे एक मूळ कायदा शिकताना उमगले. १८७० साली इंग्रजांनी दंड संहितेत कलम १२४-अ घातले. सरकारविषयी अप्रीती पसरविणे हा गुन्हा ठरला. ब्रिटिश मुलखात ते लागू असतानाच, मार्च १९२० मध्ये, कोल्हापूर संस्थानातील माणगाव परिषदेत बाबासाहेबांनी अन्यायाचा जाब मांडला आणि खुद्द शाहू महाराजांनी त्यांचा गौरव केला. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेने मसुद्यातून ‘राजद्रोह’ शब्द वगळला. कलम मात्र टिकले. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्थगित ठेवले, तर २०२४ पासून नव्या संहितेचे कलम १५२ त्याच्या जागी आहे. म्हणून आपल्या मुलांनी कायदा वाचावा, निर्भयपणे प्रश्न विचारावा. कायद्याचे राज्य अशा नागरिकांवरच उभे राहते.