मोसंबीच्या बागेतला लव्हाळा

जालन्याला पाहुणी आली की तिला मोसंबी खायला घालतात, राजूरच्या गणपतीला नेतात, समर्थांचं जन्मगाव जांब दाखवतात. लव्हाळा मात्र कुणी दाखवत नाही. दाखवायचं काय त्यात? पण मैत्रिणींनो, पावसाळ्यात त्या बाजूला गेलात तर एखाद्या मोसंबीच्या बागेत जरूर डोकवा. झाडांच्या रांगांमधून खुरपी घेऊन बसलेल्या बायका दिसतील. त्यांचं निम्मं भांडण या लव्हाळ्याशीच असतं.

दिसायला तो गवतच. पण तुऱ्याचा दांडा दोन बोटांत धरून फिरवून बघा. गवताचा दांडा गोल लागतो, याच्या तीन कडा बोटांना कळतात. खरी करामत जमिनीखाली. सुतळीत मणी ओवावेत तशा काळपट गाठी एकीमागे एक. पात ओढली की ती तुटून हातात येते, गाठी आतच राहतात आणि मागच्या झोपलेल्या गाठींना जाग येते. म्हणजे वरवर खुरपावं तितका तो दाट! १९७७ साली जगातल्या वाईटातल्या वाईट तणांवर एक इंग्रजी ग्रंथ निघाला, त्यात पहिला नंबर याचाच. भाजीच्या वाफ्यावर अंथरलेला प्लॅस्टिकचा कागदसुद्धा त्याचा टोकदार कोंब भोसकून वर येतो. तुकोबांनी नम्रतेसाठी लव्हाळ्याचा दाखला दिला खरा, पण खुरपणाऱ्या बाईला विचारा, तो किती नम्र आहे ते!

यावर उन्हाळ्यातली खोल नांगरट चांगली. गाठी उघड्या पडतात आणि मराठवाड्याच्या वैशाखातल्या उन्हात वाळून मरतात. सावलीही त्याला सोसत नाही, म्हणून ताग दाट पेरला की त्याचा जोर कमी होतो. हल्ली पुष्कळ ठिकाणी तणनाशक फवारतात. बाईची पाठ वाचते हे खरं, पण खुरपणीचे दिवस घटतात, त्याबरोबर तिची मजुरीही जाते. फवारणीचा हिशोब मांडताना ही बाजू कुणी धरत नाही.

आणि बांधावर फेकलेल्या या गाठी म्हणजे काय? आपला मोथा! दिवाळी आली की काष्ठौषधीच्या दुकानात आपण पैसे मोजून नागरमोथा आणतो ना, तो हा किंवा याचाच भाऊबंद. कालिदासाच्या शाकुंतलात रानडुकरं डबक्याकाठी उकरतात ती मुस्ताही हीच. गाठ फोडली की आत पांढरट असते आणि मातकट, गोडसर वास दरवळतो. शेतातल्या बायकांनी उपसून टाकायचा आणि शहरातल्या बायकांनी विकत आणायचा, असा हा मामला.

घरी हवा असेल तर लावणं अवघड नाही. पण जमिनीत मुळीच लावू नका. गच्चीवर एखादी जुनी रुंद बादली घ्या, तळाला भोकं पाडा आणि तिच्याखाली ताटली ठेवा. पहिल्या पावसात चारपाच गाठी बोटभर खोल पुरा. ऊन भरपूर हवं, माती ओलसर हवी. खत नसलं तरी चालतं. नवरात्राच्या सुमारास बादली उपडी करा. गाठी स्वच्छ धुवा, दोनचार दिवस वाळवा, मग कोरड्या तव्यावर हलवून वरची केसरं जाळा. चांगल्या कडक होईपर्यंत उन्हात ठेवायच्या, मग खलबत्त्यात कुटून वस्त्रगाळ करायच्या.

उटण्यासाठी चार वाट्या मसुरीच्या पिठाला अर्धी वाटी मोथा, थोडी आंबेहळद, वाळा आणि कचोरा पुरे. लेकरांना लावण्याआधी आपल्या मनगटावर लावून बघावं, कुणाकुणाला खाज सुटते.

बादलीतली माती मात्र तुळशीत टाकू नका. एक गाठ राहिली तरी पुढच्या आषाढात वृंदावनात लव्हाळा डोलायला लागेल. ती माती पसरून भर उन्हात वाळू द्या आणि उरलेल्या गाठी वेचून काढा.