नदीकाठची दोन गावे

गतवर्षी अमेरिकेत सेंट लुईस येथे कन्येकडे गेलो असता त्या नगराच्या एका जुन्या चित्राची प्रत पाहावयास मिळाली. जॉर्ज कॅटलिन यांनी १८३२-३३ साली रंगविलेले मूळ चित्र वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. मिसिसिपीचे विस्तीर्ण पात्र, त्यात ‘यलोस्टोन’ ही आगबोट आणि पलीकडे काठावरची टुमदार वस्ती. व्यापारी कुळातील मला ती पेठ आपलीशी वाटली.

पुढे वाचनात आले की, १७६४ साली हे गाव वसले तेच केसाळ कातड्यांच्या व्यापारासाठी. ती आगबोटही कातड्यांच्याच कंपनीची. मन खिन्न झाले.

त्याच रात्री नदीकाठची आमची मोहाडी आठवली. जवळच्या आंधळगावचे कोसा रेशीम वडील मोठ्या अभिमानाने विकत. कोसा उकळताना आतला जीव जातो, हे घरात सर्वांना ठाऊक होते. खतावणीत मात्र त्याचे खाते नव्हते. बँकेत आयुष्यभर इतरांचे हिशेब तपासले, हा घरचा राहून गेला.

परतल्यावर पूजेसाठी सुती धोतर-उपरणे घेतले.