गावांची भेंडी

तिला पट लागत नाही, सोंगट्या लागत नाहीत. दोन माणसं आणि थोडा रिकामा वेळ मिळाला की ती येऊन बसते: डहाणू लोकल वैतरणा ओलांडत असताना, शिरगावात कुणाच्या ओट्यावर, लग्नघरी जेवणं उरकल्यावर. गाण्यांच्या भेंड्यांची ही धाकटी बहीण. गळा नको, गावांची नावं हवीत. एकदा घेतलेलं नाव पुन्हा घ्यायचं नाही, आणि अडला त्याच्यावर भेंडी चढली. ण आला तर न चालवून घेते, ळ आला तर ल. बाकी कडक.

दिसायला भोळी. पालघर जिल्ह्याच्या आठ तालुक्यांत तिला कोंडून बघा. तुम्ही वाडा म्हणालात की समोरचा डहाणू म्हणणार, आणि न वर तालुकाच नाही. सुरुवात पालघर, जव्हार किंवा तलासरीने झाली तर पुढच्याला तोंड उघडायचीही सोय नाही. निव्वळ पोरखेळ! पण गावं आत घेतली की तिचा खरा स्वभाव कळतो. शिरगाव म्हणजे श पासून व कडे जाणारी एकेरी वाट. व ला इकडे काय तोटा? वाणगाव घेतलं तर पुन्हा व. वाढवण घेतलं तर न. वरोर घेतलं तर र, आणि र वर ती दबा धरून असते. बोईसर, तारापूर, मनोर, विरार सगळी तिथे येऊन थांबतात. तिथून निघणारं नाव मात्र पटकन आठवत नाही. एखादा डहाणूकडचा रानशेत काढतो. त वर तारापूर. पुन्हा र.

१९७८ साली थॉमस शेफर यांनी तिची कुंडली मांडली. अक्षरं म्हणजे ठिपके, नावं म्हणजे बाण, प्रत्येक बाण एकदाच वापरायचा. असा कुठलाही नकाशा हाती दिला तर दोघांपैकी कोण हमखास जिंकेल, हे ठरवणं ‘पीस्पेस-पूर्ण’ आहे, असं त्यांनी सिद्ध केलं. म्हणजे, ज्या प्रश्नांना आठवणीची जागा बेताची पुरते पण वेळ अफाट लागू शकतो, त्यांतल्या सर्वांत अवघडांच्या पंगतीत तिचं पान. शिरगावचा किल्ला बघायला जाणारे तिथलं फांद्या फुटलेलं ताडाच्या कुळातलं झाड आवर्जून बघतात. तिचा विस्तार तसाच समजा. दर खेपेला दोनच नावं सुचली आणि वीस खेपा झाल्या, तर शेंडे होतात १०,४८,५७६. डोक्यात मात्र एका वेळी वीसच नावं धरायची. झटपट रीत अजून कुणाला सापडलेली नाही. तशी रीत नाहीच, हेही कुणी सिद्ध केलेलं नाही.

मला तिचा हट्टीपणा आवडतो. कोडं सुटलं की उत्तर दाखवता येतं, लगेच पडताळताही येतं. हिच्या बाबतीत दाखवणार काय? मी हे नाव घेईन, मग तो काहीही म्हणो, मी असं नाव घेईन की त्यावर तो काहीही म्हणो... जिंकण्याची खात्री असलेल्या माणसालाही ती शेजाऱ्याला थोडक्यात लिहून दाखवायची रीत अजून सापडलेली नाही.

१९९३ साली फ्रेंकेल, शाइनरमन आणि उलमन या तिघांनी तिच्या वाटा दुहेरी करून पाहिल्या. नकाशावर एकच सोंगटी, पाळीपाळीने शेजारच्या गावी न्यायची, गेलेल्या गावी पुन्हा जायचं नाही. आता ती चक्क वळणावर येते. सगळ्या गावांच्या शेजाऱ्याशेजाऱ्यांत जोड्या लागत असतील, तर समोरच्याने सोंगटी शिरगावात आणली की तुम्ही ती जोडीदार सातपाटीत न्यायची. दर खेपेला एवढंच केलं तरी हार नाही. जोड्या लावायची जलद रीतही माहीत आहे. पण नियम जरासा फिरवा, एकाच गावी हवं तितक्या वेळा जा, रस्ता मात्र एकदाच. त्याच तिघांनी दाखवलं की एवढ्यावरच ती पुन्हा पीस्पेस-पूर्ण होते, वाटा दुहेरी असल्या तरी.