पीटीच्या तासाला मुलं का रेंगाळतात?

नववी-दहावीची मुलं पीटीचा तास चुकवतात, त्याला आपण आळस म्हणून मोकळे होतो. मला ते पटत नाही. यवतमाळ असो की पुसद, तीच मुलं शाळा सुटल्यावर अंधार पडेस्तोवर क्रिकेट खेळतातच की! जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या आकडेवारीनुसार जगातली ११ ते १७ वयाची ८१ टक्के मुलं पुरेशी हालचाल करत नव्हती. मुलींमध्ये हे प्रमाण ८५ टक्के. आळस काही मुलगा-मुलगी पाहून येत नाही. डेसी आणि रायन या मानसशास्त्रज्ञांच्या मते माणसाला आतून उमेद येते ती निवडीची मुभा, जमतंय ही जाणीव आणि सोबत्यांचा आपलेपणा यांतून. आपल्या कवायतीत निवड नाही, आणि संघ पाडताना शेवटी उरणाऱ्या मुलीची चारचौघांत शोभा होते ती वेगळीच.

कुणी म्हणेल, खेळाडूंना बोर्डात वाढीव गुण आहेत, सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण आहे. पण ते मिळतं आधीच चमकणाऱ्यांना. पोलीस भरतीचे १६०० मीटर अठरा वर्षांच्या पोराला पळवतील. नववीतल्या पोराला नाही. मोकळीक दिली तर निम्मी झाडाखाली बसतील, ही भीती खरी आहे. बसू द्यावं थोडे दिवस. खो-खो, दोरीउड्या, लेझीम यांतून निवडू द्यावं आणि धावण्याची वेळ शेजाऱ्याशी नव्हे, ज्याच्या त्याच्या मागच्या महिन्याशी ताडावी.