कमानीवरची बाई

आमच्या शाळेची सहल दरवर्षी डिसेंबरात निघते आणि स्थळ निवडण्याचे काम ज्या शिक्षकाकडे येते त्याच्या मागे आठवडाभर विद्यार्थ्यांचा ससेमिरा लागतो. गेल्या वर्षी हे काम माझ्याकडे आले. धबधबा, समुद्रकिनारा आणि मसाल्याची बाग या तिन्ही मागण्या नामंजूर करून मी जुन्या गोव्याचे नाव जाहीर केले, तेव्हा नववीच्या वर्गातून जो सुस्कारा उठला तो कागदावर उतरवणे कठीण. इतिहास शिकवणाऱ्या माणसाचा तो हट्ट होता असे समजा. पुढे जे घडले त्याची जबाबदारीही म्हणूनच माझ्याकडे येते.

जुन्या गोव्यात मांडवीच्या धक्क्याकडून वर येणाऱ्या रस्त्यावर व्हाइसरॉयची कमान उभी आहे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस फ्रान्सिस्को द गामा नावाच्या व्हाइसरॉयने आपल्या पणजोबांच्या गौरवार्थ ती उभारली. हे पणजोबा म्हणजे वास्को द गामा. लिस्बनहून येणारा नवा व्हाइसरॉय गलबतातून उतरून मोठ्या थाटाने याच कमानीखालून शहरात प्रवेश करी. मूळ बांधकाम ढासळल्यामुळे १९५४ साली ती नव्याने बांधून काढण्यात आली. नदीकडील अंगास वास्को द गामाची मूर्ती आहे. तिची ओळख प्रत्येक वाटाड्या करून देतो. परंतु कमानीखालून पलीकडे जाऊन मान मागे वळवली, तर शहराकडील अंगास उंचावर एक स्त्री उभी असलेली दिसते, आणि तिच्या पायाखाली एक पुरुष दडपलेला दिसतो. बहुतेक प्रवासी मान वळवीत नाहीत. चर्चे पाहण्याची घाई असते.

आमच्या वर्गातील एका मुलीने मात्र ती वळवली. ती म्हणाली, "सर, महिषासुरमर्दिनीच्या पायाखाली महिषासुर असतो. नटराजाच्या पायाखाली अपस्मार असतो. इथे पायाखाली कोण?"

प्रश्न इतका नेमका होता की माझ्यातला शिक्षक सुखावला. मी थोडे खाकरून, आवाज चढवून सांगितले, "ही स्त्री म्हणजे विजयी युरोप; आणि खाली आहे तो इथला माणूस. म्हणजे आपण." 'आपण' या शब्दावर मी जरा अधिकच भर दिला असावा. मुले गप्प झाली. मी मनातल्या मनात धडा चांगला रंगला असे म्हणत होतो, तोच मागच्या रांगेतील एक मुलगा पुढे आला. त्याचे आडनाव येथे देण्याचे कारण नाही. ते पोर्तुगीज वळणाचे आहे आणि वर्गात तसे आडनाव त्याचे एकट्याचेच आहे, एवढे सांगणे पुरे. शाळेत आम्ही सारे मराठीत बोलतो, पण मनाला लागले की आमच्या तोंडी घरची भाषा येते. तो कोंकणीत म्हणाला, "सर, मागीर हांव खंय? वयर काय सकयल?" मग मी कुठे, वर की खाली?

दोन-तीन मुले हसली. मी घड्याळाकडे पाहिले आणि "चला, संग्रहालय बंद व्हायचे," असे म्हणून चालू लागलो. संग्रहालय बंद व्हायला पुष्कळ अवकाश होता.

सेंट फ्रान्सिस ऑफ असिसी चर्चला लागून असलेल्या जुन्या मठात १९६४ पासून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे हे संग्रहालय आहे. तेथे कदंबकालीन वीरगळ आहेत, सतीशिळा आहेत, वरच्या मजल्यावर गव्हर्नरांच्या आणि व्हाइसरॉयांच्या तसबिरींची लांबच लांब रांग आहे. आणि तेथेच कांस्याचे दोन भव्य पुतळे आहेत. एक आफोन्सो द आल्बुकेर्कचा, ज्याने १५१० साली २५ नोव्हेंबरला हे शहर आदिलशाहीकडून जिंकले त्याचा. आणि दुसरा लुईस द कामोंइश या कवीचा. त्या दुसऱ्या पुतळ्यापाशी मी एरवी बराच वेळ बोलतो. त्या दिवशी मी काहीच बोललो नाही. कारण त्या पुतळ्याचे आणि आमच्या घराचे एक जुने भांडण आहे.

कामोंइश १५५३ साली गोव्यात आला. वास्को द गामाच्या सफरीवरील त्याचे महाकाव्य १५७२ साली प्रसिद्ध झाले आणि पोर्तुगीज भाषेत आपल्याकडे ज्ञानेश्वरांना आहे तसे स्थान त्याला मिळाले. त्याचा पुतळा जुन्या गोव्याच्या चर्चांमधील मोकळ्या आवारात बसवला तो १९६० साली. या सालाकडे वाचकांनी कृपया लक्ष द्यावे. १८ जून १९४६ ला मडगावात डॉ. राममनोहर लोहियांनी सविनय कायदेभंग करून चौदा वर्षे झाली होती. १५ ऑगस्ट १९५५ ला सीमेवर निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडून पाच वर्षे लोटली होती. आणि पोर्तुगीज राजवट संपायला दीड वर्षसुद्धा उरले नव्हते.

माझ्या आजीचे भाऊ, आमचे मामाआजोबा, त्या चळवळीत होते. आग्वादच्या किल्ल्यातील तुरुंगात त्यांनी दोन पावसाळे काढले. मोजदाद ते पावसाळ्यांतच करीत; कारण भिंतीतून पाझरणारे पाणी त्यांच्या लक्षात राहिले होते. याउलट माझे आजोबा पोर्तुगीज शाळेत 'सेगुंद ग्राव' उत्तीर्ण झालेले, कामराच्या कचेरीत कारकुनी केलेले गृहस्थ. देवघरात गीता, ओसरीवर मराठी वर्तमानपत्र आणि पेटीत कामोंइश, अशी त्यांच्या वाचनाची वाटणी होती. राजवटीविषयी त्यांना प्रेम नव्हते. कवीविषयी होते.

१९८३ च्या सुमारास, स्वातंत्र्यसैनिकांच्या आग्रहामुळे, तो पुतळा चौथऱ्यावरून काढून संग्रहालयात नेण्यात आला. त्या काळात आमच्या ओसरीवर काय बोलणे झाले ते मी आईकडून ऐकले आहे. माझा जन्म त्यानंतरचा. आजोबा म्हणाले, "कवीने तुमचे काय घोडे मारले होते? तो बिचारा इथे आला, हाल भोगून गेला." मामाआजोबा म्हणाले, "भावजी, कवी मोठा असेल. पण आम्ही आत असताना ज्यांनी तो इथे आणून बसवला, त्यांनी तो कविता आवडते म्हणून बसवला नाही." आजोबांनी पान लावता लावता उत्तर दिले, "म्हणजे शिक्षा कुणाला? बसवणाऱ्याला की बसलेल्याला?" मामाआजोबा उठले, चपला घातल्या आणि गेले. त्या वर्षी चवथीला ते आले नाहीत. माटोळीला बांधायची फळे दरवर्षी त्यांच्या कुळागरातून येत; त्या वर्षी आजीने बाजारातून आणली आणि पूर्ण दीड दिवस ती कुणाशी धड बोलली नाही. पुढल्या चवथीला फळे आली, त्यांच्यामागून मामाआजोबाही आले. पुतळ्याचा विषय पुन्हा दोघांनीही काढला नाही.

लहानपणी मी मामाआजोबांच्या बाजूचा होतो, कारण तुरुंगात गेलेला माणूस मुलांना अधिक आवडतो. पदवीच्या वर्गात साहित्य वाचू लागलो आणि आजोबांकडे झुकलो. आज विचाराल तर मी मामाआजोबांचे म्हणणे खरे मानतो. सार्वजनिक जागी उभा केलेला पुतळा हा ज्याचा असतो त्याच्यापेक्षा जो उभा करतो त्याचे बोलणे अधिक बोलतो. १९६० साली ते बोलणे काय होते याविषयी मला शंका नाही. पण एक विसंगती मला अजून सुटलेली नाही. ज्याने दर्यावर्दीचे नुसते गुणगान केले तो कवी छपराखाली गेला, आणि ज्याचे गुणगान केले तो दर्यावर्दी कमानीवर ऊनपाऊस खात तसाच उभा आहे. त्याच्या पाठीला ती स्त्री, आणि तिच्या पायाखाली तो माणूस.

मुंबईत शिकत असताना मी एकदा काळा घोडा कुठे म्हणून विचारीत हिंडलो होतो. सारे जण रस्ता अचूक सांगत. घोडा मात्र कुठेच नव्हता. प्रिन्स ऑफ वेल्सचा तो अश्वारूढ पुतळा १८७९ सालचा. आल्बर्ट ससून यांनी तो शहराला दिला होता. १९६५ साली तो उचलून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेऊन ठेवला. नाव तेवढे चौकातच राहिले. पुढे २०१७ साली तेथे नवा काळा घोडा बसवण्यात आला. त्याच्या पाठीवर स्वार नाही. ही तोड मला आवडली. आमच्या कमानीला ती लागू पडत नाही, कारण येथे पाय कुणाचा आणि पाठ कुणाची हाच वाद आहे.

सहलीनंतर तो मुलगा चार दिवस शाळेत आला नाही. पाचव्या दिवशी रविवार होता. मी त्याच्या घरी गेलो. त्याला ताप होता, आणि तो खरोखरच होता, हे कळल्यावर मला जो दिलासा वाटला त्याची मला नंतर लाज वाटली. त्याची आजी पुढे आली. "बसात मास्तर," म्हणाली, आणि मी बसेपर्यंत उभी राहिली. नातवाने घरी सारे सांगितले होते. तिने रागाचा शब्द काढला नाही. पेज निवत ठेवीत ती एवढेच म्हणाली की कमानीवर आहे ती सांत कातारिन. तिचा छळ करून एका रोमी राजाने तिचा जीव घेतला. तोच राजा तिच्या पायाखाली आहे. तो गोंयकार नव्हे. "तुमी शिकिल्ले, मास्तर. तुमकां खबर आसतली."

मला खबर होती. खरा अपराध तो हाच. पाश्चात्त्य चित्रांत आणि शिल्पांत सेंट कॅथरिन आपला छळ करणाऱ्या सम्राटाला पायाखाली घेऊन उभी असते, हे मी वाचले होते. कमानीवरील स्त्री तीच असे अनेकांचे मत आहे, हेही मला ठाऊक होते. तरी मुलांना मी एकच अर्थ सांगितला. कारण तो अधिक ठसणारा होता, आणि बहुधा मामाआजोबांचे पावसाळे माझ्या मनात ओले होते. मी त्या बाईंना तसे कबूल केले. त्या मुलाकडे वळून म्हणालो, "बाबा, कमानीपाशी तू विचारलेस त्याचे उत्तर मी दिले नाही." तो पांघरुणातून म्हणाला, "उत्तर काय, सर?" मी म्हणालो, "खाली जर इथला माणूस असेल, तर तूही खालीच. तुझ्या पणजोबांच्या पणजोबांनी नाव बदलले, गाव बदलला नाही." तो थोडा वेळ विचारात पडला. मग म्हणाला, "आणि खाली रोमी राजा असेल तर?" मला पुन्हा काही सुचले नाही. आजी हसली.

सोमवारी मी वर्गात दोन्ही अर्थ सांगितले, आणि सहलीच्या दिवशी एकच का सांगितला तेही सांगितले. शिवाय एक गोष्ट जोडली. २५ नोव्हेंबर हा सेंट कॅथरिनचाच सण. आल्बुकेर्कने शहर घेतले तो तोच दिवस, आणि सी कॅथेड्रलही तिलाच अर्पण केलेले आहे. जेत्यांनी आपल्या विजयाची स्वामिनी मानलेल्या संतीणीला आपल्याच प्रवेशद्वारावर उभे केले, तर तिच्या पायाखालच्या राजाचा चेहरा त्यांच्या मनात रोमी राहिला असेल का? पुढला तास गणिताचा होता. गणिताच्या बाईंनी दारात येऊन दोनदा खोकून पाहिले, पण वाद थांबेना. एक पक्ष म्हणे, मूर्ती काढून संग्रहालयात न्यावी. दुसरा म्हणे, मग कमानच न्यावी लागेल, कारण ती सारीच त्यांच्या मिरवणुकीसाठी आहे. एका मुलाने "बाई राहू दे, फक्त पाय उचलावा," अशी तडजोड सुचवली. तिला सर्वांत अधिक मते पडली. पणजीच्या आबे फारियाच्या पुतळ्याचाही उल्लेख झाला. गोमंतकीय शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला तो पुतळा १९४५ पासून जुन्या सचिवालयाशेजारी उभा आहे. कांदोळीत जन्मलेला हा संमोहनविद्येचा आद्य अभ्यासक समोरच्या स्त्रीला निद्रेची आज्ञा देत आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याला तो तिच्या अंगावर धावून जात आहे असेच वाटते. मीही लहानपणी तसेच समजत होतो.

वादात भाग न घेतलेला तो मुलगा अखेरीस उठला. तापातून उठल्यामुळे त्याचा आवाज बसला होता. तो म्हणाला, "खालच्या माणसाचे तोंड कुणी नीट पाहिले आहे?" कुणीच पाहिले नव्हते. मीही नाही. मूर्ती उंचावर आहे, आणि खालून त्या माणसाचा चेहरा आपल्याला धड दिसत नाही. डोळे उघडे आहेत की मिटलेले, दाढी आहे की नाही, डोक्यावर पागोटे आहे की मुकुट, यातले काहीच आम्हांपैकी कुणाला छातीठोकपणे सांगता येईना. आणि तासभर आम्ही त्याच्याच विषयी भांडत होतो.

या वर्षीही सहलीचे काम माझ्याकडेच आले आहे. सकाळी कमान आणि दुपारी समुद्रकिनारा, असा करार वर्गाशी झाला आहे. विज्ञानाच्या सरांकडे दुर्बीण मागितली आहे; ती मिळाल्यास पहिल्यांदा कोणी पाहायचे, यावरून पायाचा प्रश्न विचारणारी ती मुलगी आणि तो मुलगा यांच्यात सध्या वाद चालू आहे.