किल्लीवांचून कोठी

मुंबईस प्रथमच जाणारा प्रवासी राजाबाईचा मनोरा पाहतो, चौपाटीवर वारा खातो, राणीच्या बागेंत मुलांना हिंडवून आणतो आणि शहर पाहून झालें असें समजतो. परंतु या शहराचा संसार ज्यास पाहावयाचा असेल त्यानें चर्नी रोड स्थानकावर उतरून गिरगांवाकडे वळावें. ठाकुरद्वार, फणसवाडी, मुगभाट, कांदेवाडी, खोताची वाडी असा हा मुलूख सावकाश पायीं हिंडण्याजोगा आहे. नांवें बहुतेक शेतवाडीचीं. ऐकणाऱ्यास वाटावें, येथें घरोघर धान्याचीं कोठारें असतील. प्रत्यक्षांत मात्र या भागांतील गृहिणींनीं पिढ्यान् पिढ्या जो प्रश्न रोज सोडविला तो अगदीं उलट आहे. ज्या घरांत कोठीची खोलीच नाहीं, त्या घरचें स्वयंपाकघर नीट कसें लावावें?

या चाळी कशा उभ्या राहिल्या हें प्रथम थोडक्यांत सांगितलें पाहिजे. १८५३ सालीं मुंबई-ठाणें आगगाडी सुरू झाली. १८५४ सालीं पहिली सूतगिरणी काढण्याचा उद्योग झाला. आणि १८६१ ते १८६५ या अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत कापसाच्या व्यापारानें शहरांत पैशाचा पूर आला. पैशामागोमाग माणसें आलीं. गिरण्यांच्या भागांत मजूर वसला, तसा गिरगांवांत कारकून, मास्तर, वकिलाचा गुमास्ता, छापखान्यांतील जुळारी येऊन राहिला; बरेचसे कोंकणांतून, कांहीं घाटावरून. त्यांच्यासाठीं मजल्यावर मजला चढवून चाळी बांधल्या गेल्या. समोर लांब गॅलरी, तिच्या कडेनें ओळीनें बिऱ्हाडें, आणि एका बिऱ्हाडास बहुधा दोन खोल्या. ज्या केशवजी नाईकांच्या चाळींत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सवाची परंपरा आहे, ती चाळ याच परिसरांतील.

या मंडळींनीं मागें काय सोडलें होतें? कोंकणांतील घरांत माजघराच्या आंत काळोखी, थंड अशी कोठीची खोली असे. शेणानें सारवलेल्या बांबूच्या कणगींत भात, पेंढ्यानें बांधलेल्या मुड्यांत तांदूळ, आढ्यापासून टांगलेल्या शिंक्यांत लोणी आणि विरजण, मातीच्या मडक्यांची उतरंड. घाटावर धान्य भिंतींतल्या बळदांत नाहीं तर जमिनींतल्या पेवांत जाई. राजेरजवाड्यांनाही याचें महत्त्व होतें. शिवकालीन राज्यव्यवस्थेंतील बारा महालांत ‘कोठी’ हा एक स्वतंत्र महाल होता. घरच्या कोठीचाही एक अधिकारी असेच. सासूबाईंच्या कमरेस किल्ल्यांचा जुडगा असे, आणि त्यांतली एक किल्ली कोठीची. “सासूबाई, रवा काढायचा होता,” असें दाराशीं उभें राहून म्हटल्यावांचून धाकट्या सुनेस मूठभर रवा मिळत नसे. कोठींत किती आहे, किती उरलें, हें जिला ठाऊक, घर तिचें. बाकीच्या बायका त्या घरांत राबत. पण घरांत काय आहे हें त्यांना विचारावें लागे.

आतां चाळींतील स्वयंपाकघराकडे येऊं. एका कोपऱ्यांत चूल किंवा शेगडी, दुसऱ्या कोपऱ्यांत मोरी, आणि मधल्या मोकळ्या जागेंत दुपारीं पाट मांडून पांच-सहा पानें होत. रात्रीं तेथेंच अंथरुणें पडत. म्हणजे जमीन माणसांनाच पुरत नसे. सामानास उरल्या त्या भिंती. म्हणून गिरगांवच्या गृहिणीनें कोठी उचलून भिंतीवर चढविली. भिंतीभर लांकडी फळ्या, फळ्यांवर पितळेचे अथवा पत्र्याचे डबे ओळीनें, ताटवाट्यांस मांडणी, दुधादह्यास जाळीचें कपाट, भिंतींत सांपडलें तर एखादें फडताळ, आणि छताखालीं पोटमाळा. रॉकेलचा रिकामा डबा टाकून न देतां पत्र्याचें काम करणाऱ्याकडून त्यास झांकण बसवून घेत. तांदूळ ठेवण्यास तो उत्तम.

परंतु फळ्या ठोकल्यानें व्यवस्था होत नाहीं. व्यवस्था होती ती तीन नियमांत.

पहिला नियम उंचीचा. जड तें खालीं : पाण्याचा हंडा, तांदळाचा डबा. कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या फळीवर जें रोज लागतें तें : कणीक, डाळ, मिसळणाचा डबा, साखर, चहा. त्याच्या वर आठवड्यांतून एकदोनदां लागणारीं कडधान्यें, पोहे, साबुदाणा. अगदीं वर लोणच्याच्या बरण्या आणि पापडांचे डबे. वर्षभर पुरावयाच्या या वस्तू ओल्या किंवा ओंवळ्या हातापासून दूर राहाव्यात हा हेतु. सोंवळें पुढें सुटत गेलें, तरी लोणच्यास ओला हात लागूं नये हें शहाणपण टिकलें. माळ्यावर लग्नमुंजीचीं मोठीं पातेलीं व पराती.

दुसरा नियम थोरल्या आणि धाकट्या डब्यांचा. प्रत्येक मुख्य जिन्नसाचे दोन डबे. धाकटा हाताशीं, थोरला वर. धाकटा रिकामा झाला कीं थोरल्यांतून भरावयाचा. थोरल्याचा तळ दिसूं लागला कीं वाण्याच्या यादींत नांव लिहावयाचें. नवें सामान आलें तर तें जुन्यावर ओतावयाचें नाहीं. जुनें काढून, डबा पुसून, नवें तळाशीं घालून जुनें वर. एवढ्या एका संवयीनें निम्मे किडे टळतात. राहिलेल्यांसाठीं तुरीच्या डाळीस एरंडेलाचा हात, तांदळांत कडुनिंबाचा वाळलेला पाला, कडधान्यांस राख. मीठ चिनी मातीच्या बरणींतच, कारण मुंबईच्या दमट हवेंत तें पत्र्यास खाऊन टाकतें. कपाटाच्या पायांखालीं पाण्याच्या वाट्या, म्हणजे मुंग्यांची वाट बंद.

तिसरा नियम मापाचा. पूर्वी दोन चिपट्यांचें मापटें, दोन मापट्यांचा शेर व चार शेरांची पायली असे. तांदळाच्या डब्यांतच चिपटें किंवा मापटें ठेवलेलें असे, आणि माणशीं किती हें घरांत ठरलेलें असे. १९५६ च्या कायद्यानंतर दशमान मापें आलीं, शेर-पायली मागें पडलीं. पण डब्यांतलें माप बाहेर आलें नाहीं. त्याची जागा वाटीनें घेतली, इतकेंच. माप डब्यांत असलें कीं महिन्यास किती लागेल तें सांगतां येतें. आणि महिन्याचें गणित ज्या घरांत नेमकें बसतें त्या घरास वर्षाची कोठी लागत नाहीं.

तरीही जें या खोलीत मावत नसे, तें कोठें जाई? त्याचें उत्तर चाळीच्या रचनेंतच आहे. उन्हाळ्यांत कुरडया, सांडगे, पापड गच्चीवर वाळत. आज एकीचे, उद्यां दुसरीचे, आणि कावळे हांकण्यास चाळींतलीं सगळीं मुलें. पावसाळ्यापूर्वीची आगोटीची बेगमी गांवाकडच्या घरीं होई आणि तिचा कांहीं वांटा बोटीनें भाऊच्या धक्क्यावर उतरे : आमसुलें, कुळीथ, फणसपोळी, नारळ. कोंकणांतलें घर हीच कित्येक बिऱ्हाडांची दूरची कोठी होती. बाकीचें काम बाजारानें उचललें. गिरगांवांत बेडेकरांसारख्या दुकानांतून तयार मसाले व लोणचीं मिळूं लागलीं तीं विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकांत. पुढें १५ मार्च १९५९ रोजीं याच गिरगांवांत एका इमारतीच्या गच्चीवर सात स्त्रियांनीं ऐशीं रुपये उसने घेऊन विक्रीचे पापड लाटावयास आरंभ केला; ‘लिज्जत’ पापडाचा जन्म तो. जेथें घरोघर वर्षाचे पापड ठेवण्यास जागा नव्हती, तेथेंच पापड विकत घेण्यासारखी वस्तु झाली, यांत नवल नाहीं.

हा प्रश्न एकट्या मुंबईचा नव्हता. जर्मनींत फ्रँकफुर्ट शहरीं कामगारवर्गासाठीं लहान घरें बांधतांना १९२६ सालीं मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या स्त्री-वास्तुशिल्पज्ञेनें सुमारें १.९ मीटर रुंद व ३.४ मीटर लांब असें स्वयंपाकघर आंखलें. आगगाडींतील भोजनाच्या डब्याचें स्वयंपाकघर तिच्या डोळ्यांसमोर होतें. तिनें तांदूळ, साखर, डाळी यांसाठीं ॲल्युमिनियमचे, मूठ धरून ओतावयाचे, नांवें लिहिलेले खण एका ओळींत बसविले. अशीं सुमारें दहा हजार स्वयंपाकघरें बांधलीं गेलीं. तत्त्व तेंच : प्रत्येक जिनसास एक जागा, आणि जागा हाताच्या टप्प्यांत. फरक एकच. तेथील स्वयंपाकघर एकट्या बाईनें काम करावें म्हणून आंखलेलें होतें. गिरगांवच्या खोलींत सासू, दोन जावा, एखादी नणंद अशा तिघीचौघी एकाच चुलीभोंवतीं वावरत. तेथें व्यवस्था एकीच्या डोक्यांत असून भागत नसे. ती सर्वांच्या डोळ्यांसमोर असावी लागे.

आणि माझ्या मतें येथेंच या लहान खोलीचें मोठेपण आहे. फळीवरच्या डब्यांस कुलूप लावतां येत नाहीं. कोठी गेली तशी किल्लीही गेली. थोरल्या डब्यांत किती तांदूळ उरले हें सासूस दिसे तसें सुनेसही दिसे. महिनाअखेरची ओढ कोणापासून लपत नसे. ज्या धाकट्या सुनेस पूर्वी रव्यासाठीं दाराशीं उभें राहावें लागे, तीच आतां वाण्याची यादी लिही आणि काय कमी करावें हें सांगे. १९४३ सालीं मुंबईंत धान्याचें रेशनिंग सुरू झालें. मोजून मिळालेलें धान्य माणशीं वांटून आठवडा काढण्याचें तें दिवस. मापाची संवय झालेल्या या स्वयंपाकघरांस तें गणित नवें नव्हतें. उघड्या फळीनें घरांत भांडणें झालीं नाहींत असें नव्हे, झालींच. पण तीं काय उरलें आहे यावरून झालीं, कोणास विचारण्याचा हक्क आहे यावरून नव्हेत. आणि पहिल्या प्रकारचें भांडण माप घेऊन मिटवितां येतें.

आज गिरगांवांत हिंडलें तर जुन्या चाळींच्या जागीं उंच इमारती उठलेल्या दिसतात. कांहीं चाळी अजून उभ्या आहेत. नव्या घरांतील स्वयंपाकघरांत भिंतीस लागून गुळगुळीत कपाटें असतात आणि त्यांचीं दारें मिटलेलीं असतात. दिसावयास तें सुरेख असतें. पण मिटल्या दारामागें मुगाचीं तीन पुडकीं निघतात आणि मीठ संपलेलें असतें. आणि कोणता जिन्नस कोठें आहे हें पुन्हां घरांतल्या एकाच बाईस ठाऊक असतें. घरांतले पुरुष आणि मुलें दाराशीं उभें राहून विचारतात. किल्ली दिसत नाहीं, एवढेंच. अधिकाराबरोबर पूर्वी जो भार असे, तो मात्र सगळा त्या एकीवर येऊन पडला आहे.

म्हणून नव्या घरांत राहावयास जाणाऱ्या भगिनींस एक सुचवावेंसें वाटतें. कपाटें हवीं तेवढीं करावीं. परंतु रोजच्या जिनसांची एक फळी उघडी ठेवावी, डब्यांवर नांवें लिहावीं, प्रत्येक डब्यांत त्याचें माप ठेवावें, आणि तळ दिसला कीं यादींत लिहिण्याचें काम ज्याला तो दिसेल त्याचें, मग तो घरांतला दहा वर्षांचा मुलगा कां असेना. यास खर्च नाहीं आणि जागाही लागत नाहीं.